पावणेचार तासांची शाळा

थोरांचे चरित्र सांगताना आरंभ जन्मतिथीने करावा, असा आपल्या वार्षिक अंकाचा शिरस्ता आहे. तो मोडून मी आरंभ एका चिकूच्या वाडीने करतो, त्याबद्दल संपादक मंडळाने क्षमा करावी.

माझे बाबा घोलवडला एका इराणी शेठच्या वाडीत कामाला आहेत. आमचा पाडा तलासरी तालुक्यात. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर वाडीत जाई. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली असते, तिने बाबा फळ उतरवीत आणि मी खाली बसून त्यांची प्रतवारी करी. वाडीतल्या बंगल्याच्या ओटीवर काचेच्या चौकटीत एक जुने छायाचित्र आहे. एका छोट्या विमानाजवळ उभा असलेला सडपातळ, मिशी राखलेला एक तरुण. शेठच्या वृद्ध आई, ज्यांना वाडीतली सगळी माणसे बाई म्हणतात, त्यांनी मला एकदा सांगितले, की हे जे. आर. डी. टाटा आणि हे त्यांचे विमान. त्या दिवसापासून आमच्या पाड्यावरून मुंबईकडे उतरत जाणाऱ्या विमानांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पुढे दहावी झाल्यावर मी एका शिक्षकांना विचारले, की विमान चालवायला कोठे शिकवतात. ते हसले. वर्गही हसला. विमान हाकायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, आणि पैसे तर त्याहून अधिक लागतात, असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी अकरावीला नाव घातले तेव्हा व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी तसाच नियम होता, आणि मी कला शाखेत आलो. विषय तेथेच मिटायचा. पण मिटला नाही. गेल्या वर्षी ग्रंथालयात जे. आर. डीं.विषयीची पुस्तके चाळताना मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की ओटीवरच्या छायाचित्रातले विमान म्हणजे ते ज्यावर शिकले ते विमान नव्हेच. आणि दुसरी अशी, की विमान चालवण्याची इच्छा झाल्यापासून शिकवणारा मिळेपर्यंत या श्रीमंत घरच्या मुलालासुद्धा दहा वर्षे थांबावे लागले. ही दहा वर्षे आणि त्यानंतरचे पावणेचार तास यांविषयी मला प्रामुख्याने लिहायचे आहे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि उद्योगातले भागीदार. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच, लग्नानंतर त्यांचे नाव सूनी ठेवले गेले. टाटांचे मूळ घराणे नवसारीचे. नवसारी आपल्यापासून फार दूर नाही. उदवाडा आणि संजाण तर आमच्या तलासरीच्या शेजारी, आणि पारशांचा पवित्र अग्नी संकटकाळी ज्या बहारोटच्या डोंगरात लपवून ठेवला होता, तो डोंगर बोर्डीहून दिसतो. तेव्हा हा माणूस जन्माने पॅरिसचा असला, तरी त्याच्या पूर्वजांची वाट आपल्याच अंगणातून गेलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे बालपण एका ठिकाणचे नव्हते. थोडे पॅरिसला, थोडे मुंबईला, काही काळ जपानमध्ये योकोहामाला. शाळा बदलत राहिल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र हे कुटुंब उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डलो नावाच्या गावी राही. तेथे शेजारी लुई ब्लेरिओ यांचे घर होते. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी प्रथमच ओलांडली. त्या वेळी छोटा जहांगीर पाच वर्षांचा होण्यास चारच दिवस उरले होते. ब्लेरिओंची मुले त्यांची सवंगडी झाली, आणि त्या किनाऱ्याच्या वाळूवर विमान उतरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या वयात आपण वाळूवर खेकड्यांच्या मागे धावतो, त्या वयात या मुलापुढे वाळूवर विमान उतरत होते! पंधरा वर्षांचे झाल्यावर हार्डलोलाच त्यांना विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली. आपण वैमानिक व्हायचे, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवले.

ठरवले खरे; पण पुढे काय? १९२३ साली आई क्षयाने वारली. इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकावे असा त्यांचा बेत होता. पण आधी फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे एक वर्ष सैन्यात काढावे लागले, आणि ते संपताच १९२५ मध्ये वडिलांनी हिंदुस्थानात बोलावून घेतले. केंब्रिज राहिले ते कायमचेच. टाटा कंपनीत त्यांनी बिनपगारी उमेदवार म्हणून कामास आरंभ केला. १९२६ मध्ये वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी आईवडिलांविना, पदवीविना, चार भावंडांचे पाहायचे, अशा अवस्थेत हा तरुण मुंबईत उभा होता. आयुष्यभर त्यांच्यापुढे मोठमोठे पदवीधर हात बांधून उभे राहिले; परंतु आपण विद्यापीठात गेलो नाही ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्यापैकी ज्यांना नकोसे वाटणारे तास असतात, त्यांनी याची नोंद घ्यावी. (हे मी स्वतःलाच बजावतो आहे.)

या सर्व काळात विमान कोठे होते? हिंदुस्थानात ते शिकवणारी संस्थाच नव्हती. पैसा असूनही उपयोग नव्हता. १९२८ च्या सुमारास सरकारी साहाय्याने दिल्ली, मुंबई, कराची, कलकत्ता अशा ठिकाणी फ्लाइंग क्लब निघू लागले. मुंबईच्या क्लबाची जागा जुहूला. तेव्हाचे जुहू म्हणजे समुद्रालगतचे एक सपाट, खाजणवजा मैदान. पावसाळ्यात तेथे पाणी भरे. क्लब निघाल्याचे समजताच जे. आर. डी. तेथे हजर झाले. वय चोवीस.

आता त्या विमानाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझा जीव तेथे अडकला आहे.

इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलंड नावाच्या कारागिराने १९२५ साली एक छोटे विमान उडवले आणि त्याचे नाव मॉथ असे ठेवले. त्यांना कीटक आणि फुलपाखरे यांचा नाद होता, म्हणून हे नाव. मॉथ म्हणजे पतंग. मराठीत पतंग हा दिव्यावर झेपावणाराही असतो आणि दोरीने उडवायचाही असतो. हे विमान दोन्ही अर्थांनी पतंगच होते. सांगाडा लाकडी, पंखांवर ताणून बसवलेले कापड, आणि त्या कापडावर डोप नावाच्या वार्निशाचे थर, म्हणजे ते ढोलाच्या चामड्यासारखे ताठ राहते. पंखांची जोडी एकावर एक, मध्ये लाकडी खांब आणि तिरप्या तारा. दुपंखी विमान ते हेच. दोन मजली पंखांमुळे थोड्या लांबीत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, तारांच्या ताणामुळे हलके लाकूडही मजबूत राहते, आणि विमान अगदी सावकाश उडत असतानाही हवेत तरंगू शकते. नवशिक्याला हेच हवे असते. आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधतात, तशातला हा प्रकार. शिवाय पंख मागे दुमडून ठेवता येत, म्हणजे थोड्याशा जागेत विमान मावे.

आत उघड्या दोन बैठका, एकीमागे एक. डोक्यावर छप्पर नाही, समोर काचेचा लहानसा तुकडा. शिक्षक पुढे आणि विद्यार्थी मागे. दोघांच्याही पायाशी सुकाणूचा आडवा दांडा, दोघांच्याही गुडघ्यांमध्ये उभा दांडा, आणि हे दोन्ही आतून जोडलेले. विद्यार्थ्याने दांडा ओढला की शिक्षकाच्या हातात तो आपोआप हलतो, आणि शिक्षकाने सावरले तर विद्यार्थ्याला आपले काय चुकले ते तळहातावर कळते. वारा आणि इंजिन यांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून एका रबरी नळीतून शिक्षक बोलायचा आणि तिचे दुसरे टोक विद्यार्थ्याच्या टोपीतल्या कानपट्टीला जोडलेले. इंजिन सुरू करायला बटण नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने हाताने पंखा फिरवायचा आणि चटकन मागे सरायचे. चाकांना ब्रेक नाहीत. शेपटाखाली चाकाऐवजी एक दांडी, ती जमिनीवर घासत घासत विमान थांबे. मोजमापाची तबकडी म्हणाल तर चार-पाच: उंची, वेग, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, होकायंत्र. बाकी सगळे डोळ्यांनी, कानांनी आणि बसल्या जागी पाठीला जाणवते त्यावरून.

शिक्षणाचा क्रमही साधा. आधी सरळ आणि समपातळीत उडवणे, मग वळणे, मग चढणे आणि इंजिन मंद करून घसरत उतरणे, वेग फार कमी झाल्यास विमान कसे कोसळू लागते आणि त्यातून कसे सावरायचे ते, आणि मग पुन्हा पुन्हा उड्डाण व उतरणे. यातले उतरणे सर्वांत कठीण. जमिनीपासून हातभर उंचीवर विमान धरून ठेवायचे, आणि त्याने स्वतःहून खाली बसावे अशी वाट पाहायची. घाई केली की ते उसळते. उशीर केला की आपटते.

मग एक दिवस शिक्षक पुढच्या बैठकीतून उतरतो. रिकाम्या बैठकीतले पट्टे दांड्यात अडकू नयेत म्हणून ते नीट बांधतो, आणि विद्यार्थ्याला एकट्याने जाण्याची खूण करतो. एका माणसाचे वजन कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचलते. समोर, जेथे इतके दिवस एक डोके दिसायचे, तेथे आता नुसते आकाश.

सर्वसाधारण विद्यार्थ्याला या टप्प्यापर्यंत यायला आठ-दहा तासांचे उड्डाण लागते. जे. आर. डी. पावणेचार तासांत आले. दहा वर्षे थांबलेल्या माणसाने पावणेचार तासांत शिक्षकाला खाली उतरवले! १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळाले. हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या या प्रमाणपत्रांत त्याचा क्रमांक पहिला होता. पुढे पोलादाचे कारखाने, मोटारी, रसायने, हॉटेले, सगळे त्यांच्या हाताखाली आले. तरी त्या छोट्या निळ्या पुस्तिकेइतका आनंद त्यांना दुसऱ्या कशाने दिला नसावा, असे मला वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. जे. आर. डी. गरीब नव्हते. ब्युगाटी नावाची भारी मोटार ते मुंबईच्या रस्त्यांवर वेगाने हाकत असत. क्लबाचे पैसे भरताना त्यांना कोणापुढे हात पसरावा लागला नाही. आपल्या अंकांतून थोरांची चरित्रे लिहिताना गरिबीतून वर आले असे लिहिण्याची पद्धत आहे. या चरित्रात ते चालणार नाही. परंतु पैशाने क्लबाची वर्गणी भरता येते, हातभर उंचीवर विमान धरून ठेवता येत नाही. ते ज्याचे त्यालाच करावे लागते. त्या बैठकीत वारली आणि टाटा यांच्यात काही भेद राहत नसावा, असे मला राहून राहून वाटते. मी काही त्या बैठकीत बसलेलो नाही, तेव्हा हे माझे अनुमान समजावे.

त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. नोव्हेंबर १९२९ मध्ये आगाखान यांनी बक्षीस जाहीर केले: हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमानातून कापणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. तीन तरुण पुढे झाले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. अस्पी तर अवघे सतरा वर्षांचे; आर. एन. चावला यांच्यासोबत ते मार्च १९३० मध्ये विमानाने इंग्लंडला गेले होते, आणि आता एकटे परत येणार होते. जे. आर. डी. ३ मे १९३० रोजी कराचीहून उलट दिशेने निघाले. विमान जिप्सी मॉथ, म्हणजे त्याच दुपंखी पतंगाचा अधिक ताकदीच्या इंजिनाचा भाऊ.

इजिप्तमध्ये अबुकीर येथे जे. आर. डी. उतरले, तेव्हा तेथे आणखी एक मॉथ उभे होते. अस्पींचे. त्यांचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि बरोबर जादा प्लग नव्हते, म्हणून ते अडकून पडले होते. आता विचार करा. हा प्रतिस्पर्धी आहे. त्याला तेथेच सोडून पुढे गेले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. वाळवंटात ज्याने त्याने आपली तयारी करून यावे हा न्यायच आहे. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पींनी आभारादाखल आपले तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले, कारण जे. आर. डी. यांना पुढे समुद्र ओलांडायचा होता. दोघे आपापल्या दिशांना गेले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकले. मनमोहन सिंग यांनीही प्रवास पुरा केला, पण ते मुदतीत बसले नाहीत.

या प्रसंगावर आमच्या वर्गात एकदा वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे, की ज्याला पाचशे पौंडांची गरजच नाही त्याने प्लग दिले, यात मोठेपणा कसला? प्रश्न बरोबर आहे. पण बक्षिसाची गरज नसलेल्यालाही पहिला येण्याची हाव असतेच, आणि जे. आर. डी. यांना ती इतरांपेक्षा अधिकच होती. शिवाय जादा प्लग दिल्यावर पुढच्या प्रवासात स्वतःचे इंजिन बंद पडले असते तर? तो धोका त्यांनी पत्करला. या विजयाच्या बळावर अस्पी इंजिनिअर यांना हवाई दलाचे दार उघडले, आणि १९६० साली ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. आपण हरलो हे बरेच झाले, असे जे. आर. डी. पुढे आनंदाने सांगत.

यानंतरचा भाग आपल्याकडच्या आकाशाचा आहे. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला एक माजी वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला होता. लंडनची टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून ती मुंबई आणि मद्रासला विमानाने न्यावी. सर दोराबजी टाटा आधी नाखूश होते, पण अखेर दोन लाख रुपये मंजूर झाले. दोन पुस मॉथ विमाने घेतली गेली. घोलवडच्या ओटीवरच्या छायाचित्रात आहे ते हे विमान: एकपंखी, बंद बैठकीचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टपालाची पोती घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरले, तेथे डब्यांनी पेट्रोल भरले गेले. ते डबे बैलगाडीने मैदानावर आणले होते. दुपारी दोनला दहा मिनिटे कमी असताना ते जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. खाली दिवे नव्हते, खुणा नव्हत्या.

मी ग्रंथालयातल्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. अहमदाबाद आणि जुहू यांना जोडणारी सरळ रेघ जवळजवळ आपल्या डहाणूच्या अंगावरून जाते. विमानाचा वेग ताशी सुमारे शंभर मैल, डहाणू ते जुहू साठ मैल. म्हणजे त्या दिवशी दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास ते आपल्या किनाऱ्याच्या अंगाने गेले असणार. उजवीकडे समुद्र, डावीकडे महालक्ष्मीचा सुळका, खाली लोहमार्ग.

आणि खाली कोण होते? खाली आमची माणसे होती. माझे पणजोबा तेव्हा सावकाराकडे वेठीला होते. लग्नासाठी थोडे कर्ज काढायचे आणि त्यापायी नवराबायकोने आयुष्यभर राबायचे, या प्रथेला लग्नगडी म्हणत. त्या विमानातून लंडनची पत्रे तासांच्या हिशोबाने पुढे जात होती, आणि खाली पणजोबांना वाडीची वेस ओलांडायला धन्याची परवानगी लागत होती. जे. आर. डी. यांनी हे पाहिले नाही. त्या उंचीवरून माणसाची वेठ दिसत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांचे चरित्र तलासरीत बसून लिहायचे, तर हे वगळून लिहिता येणार नाही. मे १९४५ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ मोडायचे ठरले, आणि ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे मेली. तरी वेठ मोडली. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, टाटांच्या विमान कंपनीचे एअर-इंडिया असे नामकरण झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या घरात मात्र तो आहे, कारण वेठ मोडली नसती तर हा लेख लिहायला मी महाविद्यालयात आलो नसतो.

विमान कंपनीची पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी एक लाख साठ हजार मैल कापले, १५५ उतारू आणि सुमारे साडेदहा टन टपाल नेली. पावसाळ्यात जुहूला पाणी भरले, की सगळा मुक्काम पुण्याला हले. १९३८ मध्ये जे. आर. डी. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. जून १९४८ मध्ये एअर-इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, जे. आर. डी. यांना ते पटले नव्हते, तरी बिनपगारी अध्यक्ष म्हणून त्यांनी काम पत्करले. विमानातले पडदे मळले आहेत की चहा गार आहे, इथपर्यंत ते स्वतः पाहत. १९७८ मध्ये तत्कालीन सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. आपल्या हाताने लावलेल्या झाडाखालून उठवले जाणे काय असते, ते वाडीत काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. (ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली, पण ते पाहायला ते नव्हते.)

या सगळ्यात मला अधिक भावते ते १५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या टपाल-उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून जे. आर. डी. यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला, जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून, एकट्याने. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाच्या दुखण्याची तक्रार असतानाही ते निघाले. त्या वयाची आमच्या पाड्यावरची माणसे ओट्यावरून उठताना भिंतीला हात लावतात. ते जुहूला उतरले तेव्हा, तरुणांमध्ये साहसाची ओढ कमी होत चालली आहे असे त्यांना वाटत होते, आणि म्हणूनच हा खटाटोप केला, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जेथे जन्मले त्या पॅरिसमध्येच, पेर लाशेज या दफनभूमीत, त्यांना मातीत ठेवले.

आता माझे. हा लेख लिहिताना मी चौकशी केली, की दुपंखी विमानावर शिकवणारे आज कोणी आपल्याकडे आहे काय. मॉथनंतर आलेल्या टायगर मॉथवर आपल्याकडच्या क्लबांतून कित्येक वर्षे वैमानिक तयार झाले; पुढे एचटी-२ आणि पुष्पक ही इथे बनलेली एकपंखी विमाने आली आणि दुपंखी मागे पडली. भारतीय हवाई दलाने एक टायगर मॉथ इंग्लंडातून दुरुस्त करून आणले आणि २०१२ च्या हवाई दल दिनी उडवले. पण ते पाहण्यासाठी, शिकण्यासाठी नव्हे. परदेशात हौशी लोक अजून त्यावर शिकतात आणि शिकवतात. इथे शिकायचे तर धातूच्या, बंद काचेच्या विमानावर शिकावे लागते. त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात.

मात्र चौकशीत एक गोष्ट हाती लागली. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे पुरते. वय सतरा आणि चाळीस तासांचे उड्डाण. कला शाखेला तेथे मज्जाव नाही. एका तासाचे पैसे विचारले, तर ते बाबांच्या महिन्याभराच्या मजुरीच्या घरात जातात. म्हणजे चाळीस महिने, तेही घरात चूल न पेटवता.

हे सगळे मी गेल्या रविवारी बाबांना सांगितले. वाडीत माल भरण्याचे काम चालू होते. मला वाटले, ते पैशांचा आकडा ऐकून गप्प बसतील. ते बराच वेळ चिकू पेटीत लावत राहिले. मग त्यांनी मला, ओटीवरच्या फोटोतला माणूस शिकला तेव्हा मास्तर पुढे बसत असे की मागे, एवढेच विचारले. मी सांगितले, की मास्तर पुढे, शिकणारा मागे. त्यांनी मान डोलावली, पेटीवर कागद घातला आणि दुसरी पेटी पुढे ओढली.